मुलांचा इसब आणि प्रोबायोटिक्सची पावडर: कुणाच्या बाळाला खरंच गुण आला का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. लेकीच्या त्वचेबद्दल विचारायचं आहे. जाणकार प्रकाश टाकतीलच, पण ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांनी आधी लिहा.

मुलगी सव्वा वर्षाची. चार महिन्यांची असताना गालांवर लाल चट्टे आले, मग कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्याच्या मागे. थंडीत नाशिकची हवा कोरडी पडली की रात्रभर खाजवते, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, अटोपिक डर्मटायटिस, म्हणजे इसब. दोन वेळा मॉइश्चरायझर आणि चट्टे उठले की सौम्य स्टेरॉइडचं मलम. मलमाने उतरतं, बंद केलं की थोड्या दिवसांत पुन्हा हजर.

आता नणंदेच्या मैत्रिणीने सांगितलंय की हा पोटाचा आजार आहे, आतड्यातले चांगले जंतू कमी झाले म्हणून कातडी बिघडते, तेव्हा मुळावर घाव घाला, रोज प्रोबायोटिकची, म्हणजे चांगल्या जंतूंची, एक पुडी द्या. औषधाच्या दुकानात चौकशी केली, महिन्याचा खर्च मॉइश्चरायझरच्या दुपटीहून जास्त. सासूबाई म्हणतात घरचं ताक पाज, पुड्या कशाला. नवरा म्हणतो काहीही दे, पण स्टेरॉइड थांबव.

कुणी दिलंय का मुलांना? फरक पडला का?

---

खडीसाखर

आम्ही दिलं मुलाला. डिसेंबरात सुरू केलं, मार्चपर्यंत अंग स्वच्छ. डॉक्टर सांगत नाहीत कारण त्यांना मलमं खपवायची असतात. नक्की द्या.

---

मुळामुठा

मार्चपर्यंत आमच्याकडे माझ्या टाचा पण बऱ्या होतात. पुडी न खाता.

---

खडीसाखर

@मुळामुठा, चेष्टा सोपी असते. रात्री दोन वाजता मूल रडत खाजवत बसलं की कळतं.

---

तुर्कूकर

हा विषय माझ्या गावचा आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

मी फिनलंडमधल्या तुर्कूत राहतो. ही सगळी प्रोबायोटिक-इसब चर्चा जगभर पेटली ती इथल्याच विद्यापीठात झालेल्या एका अभ्यासावरून. २००१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. संशोधक मार्को कॅलिओमाकी आणि एरिका इसोलाउरी वगैरे. ज्या कुटुंबांत इसब, दमा किंवा अ‍ॅलर्जीचं सर्दी-पडसं आहे अशा गरोदर बायका त्यांनी निवडल्या. निम्म्यांना बाळंतपणाआधी दोन ते चार आठवडे लॅक्टोबॅसिलस जीजी नावाचा जंतू कॅप्सूलमधून दिला, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ कॅप्सूल. जन्मानंतर सहा महिने तेच पुढे चालू, बाळ अंगावर पीत असेल तर आईने घ्यायचं, नाहीतर बाळाला पाण्यातून. दोन वर्षांनी मोजलं तेव्हा जंतूवाल्या गटात ६४ पैकी १५ मुलांना इसब, दुसऱ्या गटात ६८ पैकी ३१ जणांना. म्हणजे जवळजवळ निम्मा. चौथ्या वर्षीही फरक टिकून होता.

साहजिकच जगभर बातम्या झाल्या. इथे तर हा जंतू घरचाच. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठातल्या गोर्बाक आणि गोल्डिन या दोघांनी तो माणसाच्या आतड्यातून वेगळा केला, जीजी ही त्यांचीच आडनावं. पण इथल्या वालिओ या दूध कंपनीने परवाना घेऊन १९९० पासून त्याचं दूध-दही 'गेफिलुस' नावाने विकायला सुरुवात केली. आमच्या सुपरमार्केटात आजही मिळतं. मीही पितो. चव पातळ दह्यासारखी, विशेष काही नाही.

आता पुढचं ऐका. जर्मनीत फ्रायबर्गच्या डॉक्टरांनी हाच प्रयोग, हाच जंतू घेऊन जवळपास तसाच पुन्हा केला. २००८ मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये आला. निकाल: जंतूवाल्या गटात २८ टक्के, पोकळ कॅप्सूलवाल्या गटात २७.३ टक्के. शून्य फरक. उलट छातीत घरघर होऊन वारंवार खोकला येणारी मुलं जंतूवाल्या गटात जास्त निघाली. नंतर सॅन फ्रान्सिस्कोला १८४ बाळांवर केला, आईला न देता फक्त बाळाला सहा महिने. २०१७ चा निकाल, दोन वर्षांच्या वयात इसब पोकळवाल्यांत ३०.९ टक्के, जंतूवाल्यांत २८.७ टक्के. हाही फरक नाहीच म्हणायचा.

आमच्या इथे कॉफीच्या वेळेला हा विषय काढला की तुर्कूवाले अजून हिरिरीने भांडतात, हे अवांतर.

---

गोदाकाठ

@तुर्कूकर, खूप धन्यवाद, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पण एक शंका. हे सगळं इसब होऊ नये म्हणून ना? माझ्या लेकीला तर झालेलाच आहे.

---

तुर्कूकर

अगदी बरोबर पकडलंत. तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरून येतं त्यात हा फरक कुणी सांगत नाही. आईच्या पोटात असताना सुरू केलेल्या उपायाचे आकडे दाखवतात आणि सव्वा वर्षाच्या मुलीसाठी पुडी विकतात.

---

चष्मेबद्दूर

उपचाराचं मी लिहितो. माझं काम औषधांच्या चाचण्यांची आकडेमोड करण्याचं आहे, डॉक्टर नाही, ही आधीच पाटी लावतो.

इसब झालेल्यांना प्रोबायोटिक देऊन बघितलेल्या चाचण्या भरपूर आहेत. कॉक्रेन ही संस्था अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून, चाळून, एकच उत्तर काढायचा प्रयत्न करते. या विषयावर त्यांनी २००८ मध्ये पहिला आढावा काढला, १२ चाचण्या, ७८१ मुलं. उत्तर नकारार्थी आलं. २०१८ मध्ये सुधारून काढला, ३९ चाचण्या, २५९९ जण, बहुतेक मुलंच. उत्तर: खाज आणि झोप याबद्दल रुग्ण किंवा आईवडील जे सांगतात त्यात फरक नाहीच किंवा अगदी नगण्य. एकूण जगणं किती सुसह्य होतं, त्यातही फरक नाही.

मग 'फायदा दिसला' असं कुठून येतं? इसबाची तीव्रता मोजायला स्कोरॅड नावाची मोजपट्टी आहे, शून्य ते १०३ गुण. किती अंगावर पसरलाय, किती लाल, किती ओलसर, किती खाज, किती झोपमोड, सगळं मिळून. प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे गुण सरासरीने ३.९१ ने कमी झाले. गणिताच्या दृष्टीने हा फरक खरा आहे. पण रुग्णाला किंवा आईला 'हो, बरं वाटतंय' असं जाणवायला साधारण ८.७ गुणांचा फरक लागतो. म्हणजे कागदावर आहे, चादरीवर नाही.

@खडीसाखर, तुमच्या अनुभवावर शंका घेत नाही, मूल बरं झालं हे खरंच. पण माणूस नवीन उपाय कधी सुरू करतो? त्रास कळसाला पोचला की. आणि इसब हा मुळातच चढउतार होणारा आजार. कळसावरून तो काहीही न करता थोडा खाली येतोच, आणि श्रेय त्या आठवड्यात जे सुरू केलेलं असतं त्याला जातं. म्हणून तर अर्ध्या मुलांना पोकळ पुडी द्यावी लागते. पोकळ पुडीवालीही बरीच मुलं सुधारतात.

---

खडीसाखर

मग स्पेनचं काय? माझ्याकडे त्याची बातमी जतन केलेली आहे. 'जामा डर्मटॉलॉजी'मध्ये आलंय. तेही खोटं का?

---

चष्मेबद्दूर

खोटं अजिबात नाही, आणि बरं झालं काढलंत. २०१८ चा तो अभ्यास, तीन जंतूंचं मिश्रण, बारा आठवडे. स्कोरॅड पोकळ गोळीच्या मानाने १९ गुणांनी जास्त उतरला. हा फरक मोठा आहे, ८.७ च्या दुपटीहून जास्त. पण मुलं होती ५०, वय ४ ते १७. गोदाकाठ यांची मुलगी सव्वा वर्षाची. शिवाय ते तीन जंतू अमुक क्रमांकाच्या वाणाचे होते. तुमच्या गल्लीतल्या दुकानातल्या डब्यात तेच वाण आहेत का?

वाणाचा मुद्दा मी उगाच ताणत नाही. न्यूझीलंडमध्ये इसब टाळण्यासाठी केलेल्या एकाच चाचणीत दोन वेगवेगळे जंतू वापरले. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस एचएन००१ ने दोन वर्षांच्या मुलांमधला इसब जवळपास निम्म्यावर आणला. दुसरा, एचएन०१९ नावाचा बिफिडोबॅक्टेरियम, त्याने काहीच केलं नाही. एकच देश, तेच डॉक्टर. हापूस आणि रायवळ दोन्ही आंबेच, पण हापूसचा भाव रायवळला कुणी देईल का?

---

माईआजी

मी इथे फक्त वाचते, पण ताकाचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या वेळी सगळ्या मुलांना दही-ताक, आंबील, बाळगुटी होती. सहाणेवर मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ उगाळून द्यायचे. कुणाला इसब झालेला आठवत नाही मला. आता सगळं पुड्यांतून.

---

मुळामुठा

माईआजी, तेव्हाही व्हायचा की. 'अंगावर उठलंय, उष्णता झाली' म्हणायचे आणि कडुलिंबाच्या पाण्याने घासून आंघोळ घालायचे. माझ्या काकांच्या लहानपणाच्या फोटोत गाल बघा एकदा.

---

ओपीडीनंतर

मी बालरोगतज्ज्ञ. दिवसभराचे पेशंट संपवून आलोय, त्यामुळे थोडं तुटक वाटलं तर समजून घ्या.

पहिलं, दही-ताक. सव्वा वर्षाच्या मुलीला घरचं दही जरूर द्या, छान अन्न आहे. पण आपल्या विरजणात कोणते जंतू, किती, हे घरागणिक आणि ऋतूगणिक बदलतं. त्याने इसब बरा होतो असा कुठलाही पुरावा माझ्या बघण्यात नाही. आणि कृपा करून दही अंगाला चोळू नका. मागच्या आठवड्यात एक मूल तसं आलं होतं, फुटलेल्या कातडीवर आंबट दही, किती झोंबलं असेल! डाळीचं पीठ, उटणं, हळद यांनी घासणंही बंद. इसबात कातडीची भिंतच कच्ची असते. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन त्वचेचा वरचा थर सांधून ठेवतं. बऱ्याच मुलांत त्याच्या जनुकातच दोष असतो, हे २००६ मध्ये डंडीच्या संशोधकांनी दाखवून दिलं. भिंतीला भेगा, त्यातून आतला ओलावा बाहेर आणि बाहेरचं सगळं आत. 'आतडं बिघडलं म्हणून कातडी बिघडली' हे वाक्य ऐकायला चटकदार आहे, पण बऱ्याच मुलांत गोष्ट कातडीपासूनच सुरू होते.

दुसरं, आणि माझ्या मते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. गोदाकाठ, तुम्ही लिहिलंय 'दोन वेळा मॉइश्चरायझर'. किती लावता? महिन्याला एक छोटी ट्यूब पुरत असेल तर ते लावल्यात जमा नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेची शिफारस इसब असलेल्या मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅमची आहे. हो, आठवड्याला. एवढ्याशा बाळाला थोडं कमी लागेल, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. सुगंधी, महागडं नको. पांढरं मऊ पॅराफिन आणि द्रव पॅराफिन असलेलं साधं क्रीम, मोठा डबा घ्या. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ, टॉवेलने टिपायचं, चोळायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच थापायचं. एक सावधगिरी: पॅराफिन मुरलेले कपडे पटकन पेट घेतात, तेव्हा समई-निरांजन, गॅस यांच्यापासून मुलीला लांब ठेवा.

तिसरं स्टेरॉइड. नवऱ्याला धाग्यावर आणा. सौम्य मलम, योग्य मापात, डॉक्टरच्या देखरेखीखाली सुरक्षित आहे. माप असं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. एवढं मलम बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरतं. माझ्याकडे येणारे बहुतेक आईबाप भीतीपोटी त्याच्या चौथाई लावतात, तेही लाली थोडी कमी झाली की बंद. आग अर्धी विझवून निघून आलात तर ती पुन्हा भडकणारच. चट्टा हाताला गुळगुळीत लागेपर्यंत लावायचं, मग कमी करत न्यायचं, कसं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. नेहमीच्याच जागी पुन्हा पुन्हा येत असेल तर चट्टा नसतानाही तिथे आठवड्यातून दोन दिवस लावायची पद्धत आहे, तेही विचारा.

भीती बाळगायची ती दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या 'सगळ्यावर एकच' ट्यूबची. क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड, वर बुरशीचं औषध, वर प्रतिजैविक, सगळं एकत्र. बाळाच्या गालावर ते लावणं म्हणजे कातडी पातळ करून घेणं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवर अजून मागितली की मिळतात.

आता पुड्या. जुलाबात किंवा प्रतिजैविकांबरोबर मीही कधी कधी प्रोबायोटिक देतो, तिथे काही वाणांचा उपयोग दिसलेला आहे. त्या प्लास्टिकच्या छोट्या कुप्या सगळ्यांच्या घरात असतात, त्यातला बॅसिलस क्लॉसी हा जंतू. त्याचा इसबाशी संबंध नाही. इसबासाठी मी पुड्या लिहून देत नाही. धडधाकट मुलाला सहसा अपाय होत नाही हेही खरं. पण अकाली जन्मलेलं बाळ, प्रतिकारशक्ती कमी असलेलं मूल, त्यांना अजिबात आपल्या मनाने देऊ नका. प्रोबायोटिक दिलेल्या एका अकाली जन्मलेल्या बाळाच्या रक्तात तोच जंतू पसरून ते दगावल्यावर अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये डॉक्टरांना इशारा दिला होता.

आणि घरात आणखी कुणाला खाज येते का? बोटांच्या बेचक्यात, बेंबीभोवती, रात्री जास्त? तसं असेल तर खरूज निघू शकते, तिचं औषध वेगळं आणि सगळ्या घराला एकाच दिवशी लावायचं असतं.

---

गोदाकाठ

डॉक्टर, पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवत होते. बाकी घरात कुणालाच खाज नाही. अंडं, गहू, गाईचं दूध बंद करून बघू का? एक बहीण म्हणाली की तेच कारण असतं.

---

ओपीडीनंतर

आपल्या मनाने एकही पदार्थ तोडू नका. एखादी गोष्ट खाल्ल्यावर तासा-दोन तासांत अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी असं झालं तर तिची नोंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. नुसत्या इसबासाठी दूध-अंडं-गहू सगळं काढलं की मूल वाळतं आणि इसब तिथेच राहतो. शिवाय आधी पचत असलेला पदार्थ बराच काळ बंद ठेवून मग दिला तर खरीखुरी अ‍ॅलर्जी उद्भवल्याचीही उदाहरणं आहेत.

आणि एक धोक्याची खूण लिहून ठेवा: ताप, आणि चट्ट्यांवर एकसारख्या आकाराचे फोड किंवा टाचणीने टोचल्यासारखी खोल छिद्रं. तो हर्पीस या विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

---

आंबेमोहर

रच्याकने, खोबरेल तेल चालतं का? आम्ही मालवणचे, आमच्याकडे दुसरं काही लावतच नाहीत. आणि मला भांड्यांच्या साबणाने हातावर होतं त्याला काय करू?

---

तुर्कूकर

फिलिपाइन्समध्ये ११७ मुलांवर घाण्याच्या कच्च्या खोबरेल तेलाची खनिज तेलाशी तुलना केली होती, २०१४ मध्ये छापलं. खोबरेल सरस ठरलं. अभ्यास एकच आहे, पण वाईट नाही. मोहरी किंवा ऑलिव्ह तेल मात्र नको. ऑलिव्ह तेलाने कातडीची भिंत आणखी सैल होते असं दिसलंय.

हातांसाठी वेगळा धागा काढा, नाहीतर इथे भांडी घासायला सगळे जमतील.

---

मुळामुठा

मला एक कळत नाही. सगळे जंतू पोटातच का घालतायत? आजार कातडीचा आहे तर कातडीवर लावा की.

---

चष्मेबद्दूर

लावून बघितलेत! अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत इयान माइल्स यांच्या गटाने निरोगी लोकांच्या कातडीवरचा रोझिओमोनास म्युकोसा नावाचा जंतू घेतला आणि तो इसब असलेल्यांच्या अंगावर फवारला. २०१८ मध्ये पहिले निकाल आले, मोठ्यांत आणि मुलांतही चांगले. एका कंपनीने परवाना घेऊन त्याचं औषध करायला घेतलं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये पोकळ फवाऱ्याशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीचा निकाल आला आणि औषध नापास झालं. सॅन दिएगोमध्ये रिचर्ड गॅलो यांचा गट दुसऱ्या एका जंतूवर काम करतोय. इसबाच्या कातडीवर स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा उपद्रवी जंतू माजलेला असतो, त्याला हा जंतू मारतो. कल्पना मला या पोटातल्या पुड्यांपेक्षा जास्त पटते. पण त्यातून इसबावरचं सिद्ध झालेलं औषध अजून निघालेलं नाही.

---

खडीसाखर

ठीक आहे. मी माझ्या मुलाला देत राहणार, त्याचं पोटही साफ राहतं. पण 'डॉक्टर मलमं खपवतात' हे वाक्य मागे घेते, ओपीडीनंतर यांनी तर खोबरेल तेलाच्या किमतीतला डबा सांगितला.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला पूर्ण धागा वाचायला लावला. पुड्या घेत नाही. अर्ध्या किलोचा पॅराफिनचा डबा आणलाय आणि मलमाची बोटाची रेघ दोघांनी मिळून मोजली, आम्ही खरंच चौथाईच लावत होतो.

त्याचा एक प्रश्न. दुसऱ्या बाळाचा विचार आहे. तुर्कूकर यांनी जे आईला द्यायचं सांगितलं, ते तेव्हा घ्यावं का? त्यालाही लहानपणी दमा होता. आणि बाळाला पहिल्या दिवसापासून हेच पॅराफिन फासलं तर इसब टळेल का?

---

तुर्कूकर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. ब्रिटनमध्ये १३९४ नवजात बाळांवर हेच करून बघितलं, अर्ध्यांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर. २०२० मध्ये निकाल आला, दोन वर्षांच्या वयात इसब २३ विरुद्ध २५ टक्के. टळला नाही. गंमत बघा, मॉइश्चरायझर झालेल्या इसबाला उपयोगी, टाळायला नाही. प्रोबायोटिकचं काही असलंच तर बरोबर उलट.

पहिल्याचं: जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेने २०१५ मध्ये म्हटलंय की ज्यांच्या बाळाला अ‍ॅलर्जीचा धोका जास्त आहे अशा गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी प्रोबायोटिक घ्यायला हरकत नाही. पण त्याच वाक्याला जोडून असंही म्हटलंय की ही शिफारस सशर्त आहे आणि पुरावा अत्यंत कमी दर्जाचा आहे. कोणता वाण, हे त्यांनी सांगितलेलं नाही.

---

ओपीडीनंतर

आणि ते शेवटच्या महिन्यात सुरू करायचं असतं, त्यामुळे आत्तापासून डबे भरून ठेवू नका. दिवस राहिले की तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, घेतलंच तर पाकिटावर वाणाचा क्रमांक छापलेलाच घ्या. मुलीला पुढच्या भेटीला नेताना डबा आणि ट्यूब दोन्ही बरोबर न्या. किती संपलं ते बघितलं की डॉक्टरला निम्मं तिथेच कळतं.